रीलला व्ह्यूज भरपूर, ऑर्डर मात्र नाही: हातकामाच्या ऑनलाइन दुकानाबद्दल तुमचे प्रश्न

हातानं वस्तू बनवून ऑनलाइन विकणाऱ्यांचे प्रश्न यावेळी इतके आलेत की सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. बहुतेकांचं म्हणणं एकच, काम चांगलं आहे पण प्रमोशनला पैसे नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गावं देतेय.

प्रश्न: ताई, मी क्रोशाचं काम करते, तोरणं, बाळाचे बूट-टोपरं, मोबाईलची पर्स असं. दिवाळीपासून इन्स्टावर पेज चालू केलंय, विणतानाचे रील टाकते त्याला कधी कधी पाच-सहा हजार व्ह्यूज येतात, कमेंटमध्ये सगळ्या खूप छान खूप छान म्हणतात पण ऑर्डर महिन्याला दोन नाहीतर तीन, त्यापण ओळखीतल्याच. महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार घालू शकते. मिस्टर म्हणतात पैसे भरून पोस्ट बूस्ट कर, म्हणजे ती जास्त लोकांना दिसेल. करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आत्ता नको. आधी एक काम करा, त्या कमेंट परत नीट वाचा आणि कोण लिहितंय ते त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन बघा. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतः क्रोशा करणाऱ्या निघतील, धागा कुठला, सुई किती नंबरची, पॅटर्न द्या ना ताई, असं विचारणाऱ्या. विणतानाचा रील विणणारीच शेवटपर्यंत बघते कारण तिला हात कसा चालतो ते बघायचं असतं, ती तुमचं तोरण विकत कशाला घेईल, ती ते घरी करून बघेल. या बायका चांगल्या आहेत, त्यांच्याशी बोलत राहा, पण तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे जिला येत्या रविवारी बारशाला जायचंय आणि तोच तो दुकानातला बेबी सेट न्यायचा कंटाळा आलाय, किंवा जिची वास्तुशांत आहे आणि दाराला काहीतरी वेगळं हवंय. तिला सुईच्या नंबराशी काही घेणंदेणं नाही. दाराला लावल्यावर कसं दिसतं, केवढ्याला आहे आणि शुक्रवारपर्यंत हातात पडेल का, एवढंच तिला हवंय, आणि नेमकं तेच बहुतेक पेजवर कुठं सापडत नाही.

म्हणून चार रीलमधला एखादा विणण्याचा ठेवा, बाकीचे वापरण्याचे करा. तोरणाचंच घ्या. गादीवर पसरून वरून काढलेल्या फोटोत तोरण केवढं आहे तेच कळत नाही, टेबलमॅट आहे का तोरण असा प्रश्न पडतो. ते खऱ्या दाराला लावा, सकाळी दार उघडं ठेवून बाजूनं उजेड येऊ द्या, ट्यूबलाइट बंद करा कारण तिच्या उजेडात लाल रंग भलताच दिसतो आणि मग फोटोत वेगळा होता म्हणून भांडण. एक फोटो अख्ख्या दाराचा उंबऱ्यापासून, एक मधल्या झुंबराचा अगदी जवळून म्हणजे टाके दिसतील असा, आणि एक मागच्या बाजूचा, जिथं अडकवायची लूप कशी दिलीय ते दिसतं. हा तिसरा फोटो कुणीच टाकत नाही आणि घेणारीला तीच काळजी असते की खिळा ठोकावा लागेल का. खाली लिहा, तीन फुटी दारासाठी, लांबी ३६ इंच, झालर एवढे इंच, हातानं धुता येतं, रंग जात नाही (खरंच जात नसेल तरच), किंमत एवढी, कुरियर एवढं, बनवायला एवढे दिवस. बाळाच्या बुटांसाठी कुणाच्या बाळाचा फोटो वापरणार असाल तर आईबाबांना विचारूनच, आणि नाही म्हणाले तर बूट नुसते हाताच्या तळव्यावर ठेवा, केवढेसे आहेत ते लगेच समजतं.

किंमत लिहायची म्हणजे लिहायचीच. प्राइससाठी डीएम करा हे बंद करा. बऱ्याच जणी विचारतच नाहीत, त्यांना वाटतं महाग असणार, किंवा विचारून नको म्हणायची लाज वाटते.

दुसरं तुमच्या पेजचं नाव. इंग्लिश स्पेलिंग फिरवून केलेली आणि मध्ये तीन अंडरस्कोर असलेली नावं आपल्या मावशी-काकूंना टाइप करता येत नाहीत हो. युजरनेम बदलायचं नसेल तर नको, पण त्याच्याखाली जी नावाची जागा असते तिथं क्रोशा तोरण, बेबी सेट, सांगली असं सरळ लिहा, इन्स्टाच्या सर्चमध्ये ती जागा धरली जाते. तीन पोस्ट वर पिन करता येतात, तिथं एक तोरण, एक बेबी सेट आणि एक ऑर्डर कशी द्यायची याची पोस्ट ठेवा.

आता खरी गोष्ट. ओळखीतल्याच ऑर्डर येतात असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, मला ती जमेची बाजू वाटते. ज्यांनी एकदा पैसे देऊन घेतलंय त्यांच्याकडून दुसरी ऑर्डर आणि त्यांच्या तोंडून तिसरी, हे सगळ्यात स्वस्त प्रमोशन आहे आणि दीड हजारात तेच करण्यासारखं आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप फुकट आहे, ते दुसऱ्या नंबरावर घ्या. त्यात कॅटलॉग करता येतो, ५०० वस्तूंपर्यंत, फोटो आणि किंमतीसकट, म्हणजे कुणी विचारलं की परत परत गॅलरीतून वीस फोटो पाठवायला नको. लेबल लावता येतात, बारसं, वास्तुशांत, रिटर्न गिफ्ट, पैसे यायचेत, असे आपापले गट करा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायची यादी) २५६ जण बसतात, पण समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, ही मेख बऱ्याच जणींना माहीत नसते आणि मग म्हणतात मी तर सगळ्यांना पाठवलं होतं. म्हणून पार्सल पोचल्याचं विचारायला फोन कराल तेव्हाच सांगा की नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन आलं की कळवीन. आणि खरोखर नवीन असेल तेव्हाच पाठवा, रोज सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवलेत तर नंबर जाईल म्यूटमध्ये. रोजचं काय ते स्टेटसला.

दीड हजारातले निम्मे पहिले दोन-तीन महिने पार्सलवर घाला. साधा खाकी बॉक्स, आत एक छोटं छापील कार्ड, त्यावर धुवायचं कसं, तुमचा नंबर आणि पेज. आणि त्याच रंगाचा हातभर धागा गुंडाळून कार्डाला टाचून द्या, कधी टाका उसवला तर उपयोगी पडेल म्हणून. याला खर्च जवळजवळ शून्य, पण हे घेणारी चारचौघीत सांगते. उरलेल्या निम्म्यातून नमुने. तुमच्या भागात बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशी असतील, फोटो स्टुडिओवाले असतील जे बाळांचे फोटोशूट करतात, डोहाळजेवणाचं डेकोरेशन करणारी कुणीतरी असेलच, त्यांना एकेक सेट वापरायला द्या. फोटोस्टुडिओत तुमचं टोपरं घातलेल्या बाळाचा फोटो निघाला की ती आई विचारणारच कुठून आणलंत. हजारो अनोळखी लोकांनी रील सरकवून पुढं जाण्यापेक्षा ही एक आई मोलाची.

बूस्ट कधी करायचं तेही सांगते, नाहीतर मिस्टर नाराज व्हायचे. जी पोस्ट बूस्ट न करताच दोन-तीन अनोळखी ऑर्डर घेऊन आलीय फक्त तीच करायची, जी चालली नाही ती पैसे घालून चालत नाही. ध्येय विचारतात तिथं प्रोफाइल व्हिजिट निवडू नका, मेसेज निवडा. अख्खा भारत नको, सांगली-कोल्हापूर-पुणे एवढंच ठेवा. रक्कम ठरवताना लक्षात असू दे की जाहिरातीच्या पैशावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. आणि सणाच्या आठवड्यात नाही, तीन-चार आठवडे आधी, कारण सणाच्या तोंडावर मोठ्या ब्रँडच्या जाहिरातींची गर्दी असते आणि तुमचं कुरियरही वेळेत पोचत नाही.

प्रश्न: मी खणाच्या पर्स आणि क्लच शिवते, फिनिशिंग चांगलं आहे असं सगळेच म्हणतात. मोठी पर्स २५० ला देते तरी लोक किंमत ऐकली की गायब होतात, अजून कमी करू का? का ५० टक्के ऑफ असा सेल लावू? (एक वाचक, अमरावती)

उत्तर: कमी तर अजिबात करू नका ताई, मला २५० वाचूनच वाईट वाटलं. एकदा वही घेऊन बसू. समजा कापड ९० रुपयांचं, अस्तर-चेन-बटण ४५, पॅकिंग २५, झाले १६०. कापणं, शिवणं, धागे काढणं, इस्त्री धरून अडीच तास. म्हणजे २५० मध्ये तुमच्या हाती उरले ९०, तासाला ३६ रुपये, आणि त्यात मशीनचं तेल-सुई, वीज, बिघडलेला पीस काहीच नाही. आता तासाला ७० धरा, जे अजूनही कमीच आहे, तर मजुरी १७५, किरकोळ खर्च २५, एकूण ३६०. यावर ४५ प्रमोशनचे आणि ४५ नफा. ४५० ही तुमच्या पर्सची किंमत आहे.

ते प्रमोशनचे ४५ मुद्दाम वेगळे लिहिलेत. तुमच्यासारख्या बऱ्याच जणींनी लिहिलंय की प्रमोशनसाठी बजेट नाही, अहो बजेट येणार कुठून, किंमतीत ते धरलेलंच नाही तर. घरखर्चातून काढून जाहिरात करायची आणि तोट्यात वस्तू विकायची, मग जितक्या जास्त ऑर्डर येतील तितके तुम्ही जास्त दमणार. दहा पर्स गेल्या की ४५० रुपये बाजूला पडले पाहिजेत, ते वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात ठेवा, आणि महिन्याचं प्रमोशन त्यातूनच, त्याच्या बाहेर एक रुपया नाही. आणखी एक, उद्या एखादं बुटिक म्हणालं की आम्ही ठेवतो पण ३० टक्के आमचे, तर २५० मधून तुम्ही काय देणार? त्यांना नाही म्हणावं लागेल आणि चांगली संधी जाईल.

गायब होणाऱ्यांबद्दल. काही लोक गायब होणारच, त्यांना १५० ची कारखान्यातली पर्स हवीय आणि ती बाजारात मिळते, त्यांच्याशी भांडायचं नाही. पण काहींना तुमचं काम आवडलेलं असतं, तेवढे पैसे त्या दिवशी नसतात. त्यांच्यासाठी छोटी वस्तू पाहिजे. उरलेल्या खणाच्या तुकड्यांचे किचेन, बुकमार्क, चष्म्याचं कव्हर, टिकलीची पाकिटं ठेवायची छोटी पाउच, ८० ते १५० मध्ये बसेल असं. कापड असंही वाया जात होतं. आणि आज किचेन नेलेली दिवाळीत पर्स नेते, फक्त तिचा नंबर तुमच्याकडे पाहिजे.

५० टक्के सेल नको. हातानं केलेल्या वस्तूवर अर्धी किंमत उतरवली की लोक म्हणणार, म्हणजे आधी दुप्पट लावली होती. काही द्यायचंच असेल तर दोन पर्सवर एक पाउच द्या, किंवा एवढ्याच्या वर कुरियर आमच्याकडे. किंमत एकदम वाढवायची भीती वाटत असेल तर जुन्या डिझाइनची राहू द्या, नवीन डिझाइन नवीन भावानं आणा. नातेवाइकांचं मात्र एक ठरवून टाका, त्यांना भाव तोच, वर एक छोटी भेट. नणंदेला दोनशेला दिली की तिच्या सोसायटीतल्या सगळ्यांचा भाव दोनशे होतो.

प्रश्न: मी हातानं आकाशकंदील करतो, बांबूच्या कामट्या आणि कागदाचे, पारंपरिक पण आहेत आणि चांदणी पण. पुण्या-मुंबईहून विचारणा भरपूर होते, कुरियरचा रेट सांगितला की लोक नको म्हणतात, कंदिलापेक्षा कुरियर महाग पडतं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: दादा, तुमचा कंदील वजनानं हलका आहे पण बऱ्याचशा कुरियर कंपन्या वजनाबरोबर जागा पण मोजतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हा नेहमीचा हिशोब, आणि खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुमचा बॉक्स ३० बाय ३० बाय ३० असेल तर २७,००० भागिले ५०००, म्हणजे ५.४ किलो. आत कंदील आहे तीनशे ग्रॅमचा! तोच कंदील घडी होईल असा केलात, कामट्या सुट्या, कागद कापून बोटानं दाबून आखलेला, आणि ४० बाय ३० बाय ३ च्या चपट्या पाकिटात घातला तर ३६०० भागिले ५०००, पाऊण किलोच्या आत. फरक बघा केवढा पडतो.

घडीचा कंदील म्हणजे कमी दर्जाचा असं नाही, उलट याचीच जाहिरात करा. घरी पोरांना घेऊन बांधायचा कंदील म्हणून विका. सुट्या कामट्या, दोऱ्याची रीळ, खळ कशी करायची त्याची चिठ्ठी, जास्तीचा एक कागद (फाटला तर), आणि तुम्ही स्वतः बांधून दाखवताय असा मराठीत बोललेला व्हिडिओ. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी आईबाबांना पोरांबरोबर कंदील करायचाय, कामट्या कुठं मिळतात आणि तासायच्या कशा हे माहीत नाही. आणि त्यांनी बांधून झाल्यावर टाकलेले फोटो म्हणजे तुमचं पुढच्या वर्षीचं प्रमोशन, तेही पोरांच्या हसऱ्या चेहऱ्यांसकट. बांधलेले कंदील चिपळूण आणि आसपास विका, तिथं हातोहात जातील.

बाकी पोस्टाला विसरू नका, खाजगी कुरियर जिथं जात नाही त्या गावात स्पीड पोस्ट जातं आणि ट्रॅकिंग मिळतं, दर पोस्टात जाऊन तुमच्या पाकिटाचं वजन करूनच विचारा म्हणजे नक्की कळेल. रोज एकेक पार्सल घेऊन धावायचं नाही, आठवड्यातले दोन वार ठरवा आणि पेजवर लिहा, लोक थांबतात. कॅश ऑन डिलिव्हरी नको, माल परत आला की जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही पैसे तुमच्या अंगावर आणि कागद चुरगळलेला तो वेगळाच. कुरियर वेगळं सांगण्यापेक्षा शक्यतो किंमतीत धरून एकच आकडा सांगा.

प्रश्न: मॅडम, मी टेराकोटाचे दागिने करते. एकाने फोन करून मी आर्मीत आहे, युनिटच्या कार्यक्रमासाठी ६० सेट पाहिजेत म्हणाला, भाव पण केला नाही. आता म्हणतो आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. आयकार्डचा फोटो पण पाठवलाय. खरं असेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: खोटं आहे. स्कॅन करू नका, पिन टाकू नका, उत्तरसुद्धा देऊ नका. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. लष्कराचं नाव सांगून फसवायची ही रीत बरीच जुनी आहे आणि आयकार्डाचा फोटो कुणाचाही चोरून पाठवता येतो. भाव न करता मोठी ऑर्डर, फार घाई, आणि पेमेंटची वेगळी पद्धत, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की फोन ठेवायचा. पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

याच जातीचे आणखी दोन मेसेज सगळ्यांनी ओळखून ठेवा. एक, तुमच्या पेजनं कॉपीराइट मोडलाय, २४ तासात बंद होणार, या लिंकवर लॉगिन करा. दुसरा, आमच्या लाखो फॉलोअर्सच्या पेजवर तुमचं शाउटआउट करतो, ५०० रुपये द्या. पहिल्यात पेज जातं आणि दुसऱ्यात पैसे. लिंकवर लॉगिन कधीच नाही, आणि इन्स्टाला टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डबरोबर एक कोडही लागतो ती सोय) आजच लावा.

प्रश्न: आमच्या सोसायट्यांमध्ये आणि हॉलमध्ये प्रदर्शनं होतात, दोन दिवसाच्या टेबलाचे ४००० मागतात. माझी मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं काम) आणि हॅंगिंगची कामं आहेत. एवढे पैसे घालावेत का, की ऑनलाइनच बरं? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: ४००० मध्ये जाणं-येणं, खाणं आणि एखादी मदतनीस धरली की ५००० पकडा. एका वस्तूमागे मजुरी धरून झाल्यावर तुम्हाला १०० रुपये सुटत असतील तर ५० वस्तू विकल्यावर तुम्ही नुसत्या बरोबरीत येता. दोन दिवसात ५० मॅक्रमे जातील का ते तुम्हीच ठरवा. नवीन असाल तर एकटीनं टेबल घेऊ नका, दोघी मिळून घ्या, पण दुसरीचं काम वेगळं पाहिजे, म्हणजे मातीची कुंडी करणारी आणि तुम्ही त्यात अडकवायचं हॅंगिंग करणाऱ्या, मग एकमेकींची वस्तू विकली जाते. टेबल घेण्याआधी एक दिवस नुसतं गिऱ्हाईक म्हणून जाऊन या, किती लोकांच्या हातात पिशव्या आहेत ते बघा, आणि दोन-तीन स्टॉलवाल्यांना सरळ विचारा, बायका खरं सांगतात.

स्टॉलवरून जाताना विक्रीबरोबर नंबर घेऊन यायचे, हे मात्र पक्कं. टेबलावर वही ठेवा, नाव-नंबर आणि घरात कुठं लावणार एवढंच लिहून घ्या. रिकाम्या हातानं जाणाऱ्या पण पाच मिनिटं उभ्या राहून बघणाऱ्या ज्या असतात त्यांचे नंबर सगळ्यात महत्त्वाचे. यूपीआयचा क्यूआर मोठा छापून ठेवा, आणि फोनची रेंज त्या हॉलमध्ये येते का ते आधी बघा.

मोठ्या ठिकाणांसाठी आत्तापासून हालचाल करा. तुम्ही बचत गटात असाल तर उमेद अभियानाकडे (राज्य सरकारचं ग्रामीण बचत गटांसाठीचं अभियान) तालुक्याला चौकशी करा, मुंबईला भरणारं महालक्ष्मी सरस प्रदर्शन हे गटांसाठीच असतं. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा असते, तिथं जागेसाठी बरंच आधी अर्ज करावा लागतो. आणि केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं हस्तकला कारागिरांसाठी पहचान कार्ड असतं, तुमची कला त्यात बसत असेल तर काढून ठेवा, सरकारी शिल्प बाजारांना अर्ज करताना लागतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पण करा, ती २०२० पासून ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे, जी वेबसाइट तिचे पैसे मागेल ती सरकारी नव्हे.

प्रश्न: जीएसटी नंबर नसताना मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवर विकता येतं का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: १ ऑक्टोबर २०२३ पासून येतं, पण फक्त आपल्याच राज्यात, उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. वस्तूंसाठी आपल्याकडे ही मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. पण प्रत्येक अ‍ॅप बिननंबरवाल्यांना घेतंच असं नाही, आधी त्यांच्या विक्रेत्यांच्या अटी वाचा. स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून परराज्यात पाठवायचं असेल तर हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, तिच्या कागदपत्रांच्या अटी आहेत, त्यासाठी एकदा सीएंना भेटा, तेवढी फी वसूल होते. अ‍ॅपचं कमिशन आणि परत आलेल्या मालाचा खर्च किंमतीत धरायला विसरू नका, वरचं खणाच्या पर्सचं उत्तर वाचा.

आणि कार्टूनच्या बाहुल्या विणून टाकणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलंय की अ‍ॅपवर विकायला टाकलेलं लिस्टिंग का उडालं. ती पात्रं त्या कंपन्यांच्या मालकीची आहेत, परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तुमच्या मनातली बाहुली करा, नऊवारीतली आजी करा, पगडीवाले आजोबा करा, ते कुणी उडवणार नाही.

प्रश्न: मी राख्या करते, श्रावणात झोपायला वेळ नसतो आणि नंतर दिवाळीपर्यंत आणि दिवाळीनंतर पण सगळं ठप्प. वर्षभर काम कसं मिळवायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: राखीचा हात म्हणजे मणी, रेशीम, गोंडे, बारीक डिझाइन, आणि या हातातून वर्षभराचं काम निघतं. राखी झाली की गौरी येतात, गौरीचे हार, मुकुटाच्या कडा, गणपतीच्या मागच्या पडद्याच्या लडी. पितृपक्षात लोक खरेदी टाळतात, तो पंधरवडा दिवाळीचा माल आणि फोटो यासाठी ठेवा, रडत बसायला नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, रुखवत, ओटीच्या सजवलेल्या सुपाऱ्या-नारळ, अंतरपाट, मुंडावळ्या. मुंडावळ्या तर तुमच्या हातचा मळ आहे, मणी तेच, दोरा तोच. साध्या दोन डिझाइन आणि नवरा-नवरीच्या नावाची एक, एवढ्या ठेवा. लग्न ठरलेल्या घरात तुमची वस्तू पोचवायची तर ब्यूटीपार्लरवाल्या, मेंदीवाल्या आणि नऊवारी शिवणाऱ्या यांना गाठा, त्यांच्याकडे नवरी महिनाभर आधी येते. प्रत्येकीला एकेक नमुना आणि दहा कार्डं, ऑर्डर आली की ठरलेली रक्कम लगेच यूपीआय करा, उधारी ठेवली की पुढच्या वेळी ती तुमचं नाव घेणार नाही. अधिक महिना असेल त्या वर्षी त्या महिन्यात लग्नं थांबतात पण जावयाला वाण देतात, त्याची सजवलेली ताटं, रुमाल असं काहीतरी करता येतं.

राखीचं पण थोडं पुढं ओढा. परगावी आणि परदेशात राखी पाठवणाऱ्या बहिणी आषाढातच शोधायला लागतात, तुमची पहिली पोस्ट श्रावण लागल्यावर येत असेल तर त्या गेल्याच. चपटी राखी, जी साध्या पाकिटात न मोडता जाईल, अशी दोन-चार डिझाइन खास पोस्टासाठी करा आणि तसं लिहा.

आणि संक्रांत सोडू नका. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि प्रत्येक घरी वाण एकाच जातीचं वीस, तीस, पन्नास नग लागतं, म्हणजे एका फोनवर पन्नास वस्तूंची ऑर्डर. भाव ३० ते ८० मध्ये बसला पाहिजे, त्यामुळं पंधरा मिनिटात होईल असं काहीतरी निवडा, मण्यांचं बुकमार्क, पर्सला अडकवायचा गोंडा, कुंकवाच्या डबीला केलेली सजावट. पाच-सहा नमुने करा, एका पुठ्ठ्यावर टाचून प्रत्येकाखाली नगाचा भाव आणि वीसच्या वर काय भाव ते लिहा. मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारी बायका एकमेकींकडे जातातच, त्याच्या आधीच तो पुठ्ठा तुमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरी ठेवून या आणि त्याचा फोटो स्टेटसला टाका. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ, आणि शेवटची तारीख ठळक लिहा, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या रात्री शंभर नगांसाठी फोन यायचा नाही.